चावी मिळाली, राहायलाही आलो, पण घर अजून बिल्डरचंच! फायनल क्लोजिंगची वाट बघितलेल्यांनो, जरा बोला

साताऱ्याची_सून:

नमस्कार मंडळी, नमनाला घडाभर तेल घालते, सांभाळून घ्या.

कॅनडात टोरोंटोजवळ मिसिसागात, स्क्वेअर वन मॉलच्या जवळ वन प्लस डेन (एक बेडरूम आणि एक छोटी खोली) बुक केला होता २०२१ च्या मार्चमध्ये. तेव्हा तिथे नुसता पत्र्याचं कुंपण घातलेला खड्डा होता आणि सेल्स ऑफिसात बिल्डिंगचं छोटं मॉडेल. लेक तेव्हा पोटात होता, आता ज्युनियर केजीला (जेके) जातो. ऑक्युपन्सीची तारीख आधी २०२४ ची होती, मग पुढे, मग अजून पुढे. शेवटी फर्म डेट आली म्हणून आम्ही भाड्याच्या घराची साठ दिवसांची नोटीस देऊन टाकली, आणि तारखेच्या पंधरा दिवस आधी बिल्डरचा मेल, अजून तीन आठवडे. तोवर घरमालकाने जागा दुसऱ्याला दिलेली. मग काय, सामान स्टोरेजमध्ये आणि आम्ही तिघं ब्रॅम्प्टनला मैत्रिणीच्या बेसमेंटमध्ये, एकवीस दिवस. तिने तोंड वाकडं केलं नाही हे तिचे उपकार.

असो. आता आलोय राहायला, नवव्या मजल्यावर. पण हे इंटरिम ऑक्युपन्सी (घर नावावर व्हायच्या आधीच राहायला येणं) प्रकरण माझ्या डोक्यात अजून नीट शिरत नाहीये. किंमत ६,४०,००० डॉलर, वीस टक्के म्हणजे १,२८,००० भरून झाले, आणि आता दर महिन्याला ३१७७ चा चेक बिल्डरला जातो. सासूबाई रोज व्हिडिओ कॉलवर विचारतात, घर घेतलं म्हणता मग भाडं कुणाला भरता गं? मला काय उत्तर द्यावं तेच कळत नाही.

तर विचारायचं असं की यातलं मुद्दलात काहीच जात नाही का? फायनल क्लोजिंग, म्हणजे घर नावावर होणं, साधारण किती महिन्यांनी होतं? ब्रोकर म्हणतो रेट होल्ड (कर्जाचा आजचा दर राखून ठेवणं) १२० दिवसांचाच मिळतो, मग तो आत्ता घ्यायचा का थांबायचं? आरआरएसपीतले (निवृत्तीच्या बचतीतले) पैसे आम्ही क्लोजिंगच्या वेळी काढायचे ठरवलेत, ते बरोबर आहे ना? आणि सगळ्यात महत्त्वाचं (हसू नका), वास्तुशांत आत्ता करायची का घर नावावर झाल्यावर? सासूबाई एप्रिलमध्ये येतायत, त्यांना तारीख हवीये.

एतोबिकोचा_पाटील:

ताई, अकरा महिने काढलेत यात, त्यामुळे मोठं लिहितोय.

पहिलं उत्तर, नाही. एक डॉलरसुद्धा मुद्दलात जात नाही. तुमचे ३१७७ कसे आले ते बघा. तीन भाग असतात. जी रक्कम द्यायची राहिलीये, म्हणजे तुमचे ५,१२,०००, तिच्यावरचं व्याज. मग प्रॉपर्टी टॅक्सचा अंदाज. आणि मेंटेनन्स. ऑन्टारिओच्या काँडोमिनियम अ‍ॅक्टच्या कलम ८० मध्ये हेच तीन दिलेत, याच्यावर बिल्डरला काही लावता येत नाही. व्याजाचा दरही तो मनाने ठरवत नाही, बँक ऑफ कॅनडा एक वर्षाच्या कन्व्हेन्शनल मॉर्टगेजचा जो दर जाहीर करते तो लागतो, तुम्ही ऑक्युपन्सी घेतली त्या महिन्याच्या एक तारखेचा. तुम्हाला साडेपाचच्या आसपास लागला असणार, कारण ५,१२,००० वर साडेपाच म्हणजे महिन्याला २३४७ होतात आणि उरलेले आठशे-साडेआठशे टॅक्स नि मेंटेनन्सचे. पत्रात तिन्ही आकडे वेगळे दिलेले असतात, एकदा तपासा. आमच्याकडे पार्किंगचा मेंटेनन्स दोनदा धरला होता, मी बोललो तेव्हा कमी केला, नसतो बोललो तर गेलेच होते.

का असं, तर बिल्डिंग अजून लँड रजिस्ट्रीत काँडो (वेगवेगळ्या मालकीच्या फ्लॅटांची बिल्डिंग) म्हणून नोंदलेली नाही. महापालिकेने राहायला परवानगी दिली, पण कागदावर तुमचा युनिट नंबर जन्मालाच आलेला नाहीये. जी गोष्ट कागदावर नाही ती तुमच्या नावावर कशी होणार आणि बँक तरी तिच्यावर कर्ज कसं देणार? म्हणून मॉर्टगेज सुरू होत नाही, आणि तोवर बिल्डरच्या पैशावर तुम्ही राहताय असं धरून तो व्याज घेतो. इथे लोक फँटम रेंट म्हणतात, भुताटकीचं भाडं. सासूबाईंना हेच सांगा, त्यांना पटेल.

किती महिने ते कोणीच छातीठोक सांगणार नाही. माझ्या ओळखीत चार महिन्यांत झालेले आहेत आणि सव्वा वर्ष लागलेलेपण आहेत. वरचे मजले पूर्ण होईपर्यंत सहसा रजिस्ट्रेशन होत नाही, त्यामुळे खालचे मजले आधी येतात आणि सगळ्यात जास्त महिने भरतात. तुम्ही नववा, म्हणजे बसा. लॉयरला दर महिन्याला एक मेल टाकत जा, सर्व्हे आणि डिक्लेरेशन (काँडोच्या नोंदणीचा कागद) कुठवर आलंय म्हणून, बिल्डरच्या कस्टमर केअरला फोन करून काही मिळत नाही, ती बिचारी मुलं एकच वाक्य पाठ करून बसलेली असतात.

त्या एकवीस दिवसांचं मात्र सोडू नका! फर्म डेट चुकवली तर भरपाई असते, तुमच्या २०२१ च्या अ‍ॅग्रीमेंटला टॅरियनचा (नव्या घरांची वॉरंटी बघणारी संस्था) अ‍ॅडेंडम, म्हणजे पुरवणी, जोडलेला असेल त्यात बघा. दिवसाला १५० डॉलर, जास्तीत जास्त ७५००. राहण्या-खाण्याच्या खर्चाला पावत्या लागत नाहीत. एकवीस दिवसांचे ३१५० झाले. आधी बिल्डरकडे लेखी मागा, नाही दिले तर टॅरियनकडे क्लेम, ऑक्युपन्सीपासून वर्षाच्या आत. बिल्डर संप नि पुराची कारणं सांगेल, पण त्याला ती त्या वेळी लेखी कळवलेली असावी लागतात, आता मागाहून आठवून चालत नाही.

पर्वती_पायथा:

मी पुण्यातून वाचतोय, कॅनडाचं काही कळत नाही, पण हे वाचून एक गंमत वाटली. आपल्याकडे उलटं आहे. आधी सब-रजिस्ट्रारकडे अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करायचं, स्टँप ड्युटी भरायची, बँक हप्त्याहप्त्याने बिल्डरला पैसे सोडणार, आणि चावी म्हणाल तर देवाची मर्जी. मी सिंहगड रोडला साडेतीन वर्षं प्री-ईएमआय (ताबा मिळेपर्यंत कर्जाचं नुसतं व्याज) भरला, घर नावावर, पण राहायला भाड्याच्या खोलीत. तुम्ही राहताय घरात पण नावावर नाही. म्हणजे दोघांनी मिळून एक घर पूर्ण होतं बघा 😀

सासूबाईंना प्री-ईएमआय म्हणून सांगा, साताऱ्यात निम्म्या लोकांची पोरं पुण्यात तोच भरतायत, लगेच कळेल.

आणि ओसीशिवाय (ऑक्युपन्सी सर्टिफिकेट) राहायला गेलात असं तर नाही ना? आमच्याकडे तसं झालं की पाण्याचा टँकर.

एतोबिकोचा_पाटील:

@पर्वती_पायथा नाही हो, इथे महापालिकेची ऑक्युपन्सी परवानगी असल्याशिवाय चावी देत नाहीत. पाणी, गरम पाणी, हीटिंग सगळं असतं. नसतं ते जिम, पार्टी रूम आणि लॉबीतला सोफा. ब्रोशरवर पहिल्या पानावर जे जे होतं ते सगळं शेवटी येतं.

हिशेबनीस:

आरआरएसपीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून घाईने लिहितोय. ताई, थांबू नका, याच्यात लोक फसतात.

होम बायर्स प्लॅनखाली (घरासाठी आरआरएसपीतून पैसे काढायची योजना) पैसे काढायचे तर घर ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत काढावे लागतात, त्यानंतर नाही. आणि काँडोच्या बाबतीत इन्कम टॅक्सचा कायदा असं धरतो की तुम्हाला राहायला जायचा हक्क मिळाला त्या दिवशी तुम्ही ते घेतलंत. म्हणजे इंटरिम ऑक्युपन्सीचा दिवस! फायनल क्लोजिंगचा नाही. टायटल नावावर आहे का नाही याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. सगळेजण समजतात क्लोजिंगला पैसे लागणार तेव्हा काढू, आणि तोवर ते तीस दिवस कधीच उलटून गेलेले असतात. तुम्ही राहायला येऊन किती दिवस झाले?

लिमिट एप्रिल २०२४ पासून माणशी ६०,००० आहे, आधी ३५,००० होती. दोघंही पहिल्यांदा घर घेणारे असाल तर दोघं काढू शकता. पैसे आरआरएसपीत भरून ९० दिवस झालेले हवेत. काढले की हाय इंटरेस्ट सेव्हिंगमध्ये टाकून ठेवा क्लोजिंगपर्यंत, पण आज उद्या अकाउंटंटशी बोला.

साताऱ्याची_सून:

बावीस दिवस!!! 😳

नवऱ्याला ऑफिसात फोन केला, तो मीटिंग सोडून बँकेच्या लायनीत. हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं, ना ब्रोकरने ना लॉयरने. हिशेबनीस दादा, मिसिसागात कधी आलात तर पुरणपोळी नक्की.

हिशेबनीस:

पुरणपोळी लक्षात ठेवतो.

आता बाकीचं पण सांगून टाकतो. क्लोजिंगच्या दिवशी उरलेले ५,१२,००० एवढंच लागणार असं समजू नका. लँड ट्रान्सफर टॅक्स ऑक्युपन्सीला नसतो, तो फायनलला. तुमच्या किमतीला ऑन्टारिओचा साधारण नऊ हजार, त्यातून पहिल्या घराचे ४००० पर्यंत माफ. मिसिसागात आहात हे नशीब, टोरोंटो हद्दीत असता तर शहराचा वेगळा जवळपास तेवढाच अजून, त्यातले ४४७५ पर्यंत माफ होतात. मग डेव्हलपमेंट चार्जेस वाढले असतील तर फरक, पाण्या-विजेच्या मीटरचे पैसे, टॅरियनची एनरोलमेंट फी, लॉयर. बुकिंगनंतरच्या दहा दिवसांत लॉयरने लेव्हीजवर (म्हणजे या वरच्या चार्जेसवर) कॅप, कमाल मर्यादा, घालून घेतली होती का? घेतली असेल तर तो कागद शोधून ठेवा, शेवटच्या स्टेटमेंटमध्ये बिल्डरचा लॉयर कधी कधी कॅप 'विसरतो'.

एचएसटीचं (विक्रीकराचं) पण. तुमच्या किमतीत तो धरलेला असतो आणि प्रांताच्या हिश्शाची रिबेट, जास्तीत जास्त २४,०००, बिल्डरने स्वतःकडे घेतलेली असते, या भरवशावर की तुम्ही किंवा तुमचे जवळचे नातेवाईक तिथे राहणार. उद्या कंटाळून भाड्याने दिलंत तर ते पैसे क्लोजिंगला तुमच्याकडून मागतात, आणि मग रेंटलची वेगळी रिबेट तुम्ही सीआरएकडे (इथलं टॅक्स खातं) मागत बसायची. मिळते ती, पण आधी खिशातून काढायचे. तेव्हा राहताय तर राहाच.

डाउनपेमेंट_पाटकर:

मला एक कळत नाही, २०२१ मध्ये खड्ड्याला ६,४०,००० देताना कोणी हा विचार केला नाही आणि आता सगळे रडतायत. तेव्हा रांगा लावून घेतले. आता मार्केट खाली आहे तर अप्रेझल (बँक घराची किंमत लावते ती) बघा किती येतं.

एतोबिकोचा_पाटील:

@डाउनपेमेंट_पाटकर बोलायची पद्धत सोडून दे, पण अप्रेझलचा मुद्दा खरा आहे आणि ताई तुम्ही तो विचारला नाहीत.

बँक कर्ज देते ते तुमच्या अ‍ॅग्रीमेंटच्या किमतीवर नाही, क्लोजिंगच्या वेळी घर कितीचं आहे त्याच्यावर. समजा अप्रेझल ५,६०,००० आलं. त्याचे ८० टक्के ४,४८,०००. तुम्हाला लागणार ५,१२,०००. म्हणजे मधले ६४,००० रोख, आणि वर हिशेबनीसांनी सांगितलेला खर्च वेगळा. २०२२ च्या सुरुवातीच्या भावांपासून काँडो जे उतरलेत त्यात कित्येकांचं घोडं इथेच अडलंय. आमचं ३८,००० कमी पडलं होतं. बायकोचे दागिने लॉकरमधून काढायची वेळ आली नाही एवढंच, भावाने निम्मे दिले.

आणि सोडून देऊ म्हणाल तर तसं होत नाही, डिपॉझिट तर जातंच, वर बिल्डर तेच घर कमी भावात विकून फरकासाठी कोर्टात खेचू शकतो.

यावर एकच, काही बिल्डरांचं काही बँकांशी ब्लँकेट अप्रेझल असतं, म्हणजे सगळ्या बिल्डिंगसाठी मूळ किंमतच धरतात. तुमच्या बिल्डिंगमध्ये कुठल्या बँकेचं आहे ते शेजाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारा, सेल्स ऑफिसच्या आधी तिथे कळतं. दर अर्धा टक्का जास्त असला तरी घ्या अशा वेळी, ६४,००० उभे करण्यापेक्षा परवडतं.

रेट होल्डचं म्हणाल तर आत्ता घेतलात नि रजिस्ट्रेशन आठ महिन्यांनी झालं तर वाया. लॉयर म्हणाला डिक्लेरेशन दाखल झालं, की लगेच ब्रोकरला फोन. तोवर नोकरी बदलू नका, नवीन गाडी फायनान्सवर घेऊ नका. दर ४.५ मिळाला तरी स्ट्रेस टेस्टमध्ये साडेसहाने हप्ता झेपतो का बघतात, गाडीच्या हप्त्याने तिथे गणित बिघडतं. माझ्या भाच्याने नेमक्या त्या सहा महिन्यांत एसयूव्ही घेतली, शहाणा!

एकतिसावा_मजला:

मी पैशाचं सांगत नाही, राहण्याचं सांगतो कारण मी पण नवीन बिल्डिंगमध्ये आहे, एकतिसाव्या मजल्यावर, तुमच्यापेक्षा उशिरा आलो म्हणून भुताटकीचं भाडं तीनच महिने भरलं पण बाकी भोग तेच.

पीडीआय (ताब्याआधीची घराची पाहणी) झालीच असेल तुमची चावीच्या आधी. त्या माणसाने चाळीस मिनिटांत उरकली असेल. आमच्याकडे मी निळी पेंटर्स टेप, फोनचा चार्जर आणि एक बादली घेऊन गेलो होतो, प्रत्येक सॉकेटमध्ये चार्जर लावून बघितला, दोन मेलेले निघाले, बादलीने बाल्कनीत पाणी ओतलं तर पाणी दाराकडे यायला लागलं. तो माणूस माझ्याकडे असा बघत होता जणू मी वेडा आहे. पण लिस्टवर आलं. तेव्हा जे राहिलं असेल ते टॅरियनच्या पहिल्या फॉर्ममध्ये टाका, फोटोसकट. वॉरंटी तुमच्या घरापुरती ऑक्युपन्सीपासूनच सुरू होते, क्लोजिंगपासून नाही. म्हणजे बघा, भाडं त्यांचं सुरू, वॉरंटीचं घड्याळ पण सुरू, फक्त घर तुमचं नाही.

फॅन कॉइलचा (हीटिंग-एसीचं युनिट) फिल्टर काढून बघा, आमच्या फिल्टरवर ड्रायवॉलची पूड एवढी होती की रांगोळी घातली असती. लहान मूल आहे ना घरात, आधी तेच करा. आणि घरातल्या सामानाचा नि लायबिलिटीचा इन्शुरन्स काढा, बिल्डरचा इन्शुरन्स भिंतींचा, तुमच्या टीव्हीचा नाही.

पोस्टाची पेटी चालू झाली का? आमची दोन महिने नव्हती, पत्रं आणायला पोस्ट ऑफिसात आयडी दाखवून जावं लागायचं. लिफ्टचं तर बोलूच नका.

साताऱ्याची_सून:

नाही झाली चालू! आणि कचऱ्याची शूट सहाव्या मजल्याच्या वर बंद आहे, आम्ही कचरा लिफ्टने खाली नेतो, ज्या लिफ्टमध्ये टाइल्सवाले, रंगारी आणि मी नि माझी स्ट्रोलर. लेक आता सगळ्या कामगारांना नावाने ओळखतो.

वास्तुशांतीचं कोणी बोलेना. सासूबाईंनी आजही विचारलं.

गोरेगावची_माई:

मी बोलते. बाळा, मी ऐंशीच्या दशकात गोरेगावात राहायला गेले तेव्हा सोसायटीच झालेली नव्हती, जमीन बिल्डरच्या नावावर, आणि अजून परवापरवापर्यंत कन्व्हेयन्स नव्हता. म्हणून काय आम्ही चाळीस वर्षं वास्तुशांत करायचे थांबलो? जिथे चूल पेटली ते घर. कागद येतो मागनं.

आता व्यवहाराचं. लेकीकडे स्कारबरोला गेले होते तेव्हा त्यांनी होम करायचा घाट घातला, बाविसाव्या मजल्यावर. मी म्हटलं, अगं वर स्प्रिंकलर आहे. तरी छोट्या कुंडात केलाच, चार समिधा नि तूप, आणि सगळ्या मजल्याचा अलार्म. फायर ब्रिगेडची तीन माणसं बूट घालून थेट देवापुढे. जावयाला दंडाचं पत्र आलं ते वेगळंच. बिल्डिंग अजून बिल्डरच्या ताब्यात असताना तू हे करू नकोस.

उदकशांत कर. तिच्यात अग्नी नाही, कलशातल्या पाण्यावर मंत्र म्हणतात आणि तेच पाणी घरभर शिंपडतात. तिकडचे गुरुजीसुद्धा हेच सुचवतात, त्यांना सवय झालीये. आणि पहिल्या दिवशी दूध उतू घालवलंस का? काचेच्या शेगडीवर घालवू नको हां, जळकं दूध निघत नाही, लेकीची अजून डागाळलेली आहे. खाली ताट ठेव आणि थोडंसंच घालव.

साताऱ्याची_सून:

माई, दूध घातलं होतं उतू. काचेच्याच शेगडीवर. डाग आहे. 🙈

अपडेट देते सगळ्यांना. आरआरएसपीचं झालं, पंचविसाव्या दिवशी, दोघांचे मिळून ५२,००० काढले. कॅपचा कागद मिळाला लॉयरकडे. अप्रेझलसाठी बिल्डिंगच्या ग्रुपवर विचारलं तर एका बँकेचं ब्लँकेट आहे म्हणतात, ब्रोकर खात्री करतोय. १५० डॉलरवाल्या भरपाईचा मेल बिल्डरला टाकला, उत्तर आलं की "तुमची विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे". म्हणजे काय ते आपण सगळे जाणतोच, पण तारीख टिपून ठेवलीये. पाटील दादा, पार्किंगचा मेंटेनन्स आमच्याही हिशेबात दोनदा निघाला!

सासूबाईंना पाटील दादांचं भुताटकीचं भाडं सांगितलं तर घाबरल्या, म्हणाल्या मग उदकशांत नको, होमच करा. आता परत समजावतेय, या वेळी प्री-ईएमआयने.

एतोबिकोचा_पाटील:

दोनदा निघाला?? कुठला बिल्डर तुमचा, नाव इथे नको, मला मेसेज करा.